वांग्याखालचा विषाणू आणि जर्नलातली रीडिंग्ज

२०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने कुजून मातीला टेकलेले एक वांगे उचलले. त्याच्या खालच्या बाजूचा चिखलासारखा लगदा तिने नळीत भरला आणि प्रयोगशाळेत नेला. त्या लगद्यात एक विषाणू निघाला. माणसाला काहीही न करणारा, फक्त जिवाणूंना मारणारा. अशा विषाणूंना फेज म्हणतात. ज्याला सापडेल त्याने नाव ठेवायचे, अशी त्या उपक्रमाची पद्धत. या विषाणूचे नाव पडले ‘मडी’, म्हणजे चिखलट. यथावकाश तो अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहात जमा झाला आणि गोठणपेटीत जाऊन बसला. तिथे त्याच्यासारखे हजारो होते, बहुतेक विद्यार्थ्यांनीच शोधलेले. त्याचा कोणाला काही उपयोग होईल, असे तेव्हा कोणाच्याही मनात नव्हते.

२०१७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातून हॅटफुल यांच्याकडे विचारणा आली. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे दोन तरुण रुग्ण होते. दोघांच्याही फुप्फुसांचे प्रत्यारोपण झाले होते आणि दोघांनाही ‘मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस’ या क्षयजंतूच्या नात्यातल्या जिवाणूने ग्रासले होते. प्रतिजैविके चालेनाशी झाली होती. या जिवाणूला मारणारा फेज तुमच्या संग्रहात आहे का, एवढाच प्रश्न होता. शोध सुरू झाला. एका रुग्णासाठी काही सापडण्याआधीच तो दगावला. दुसरी होती १५ वर्षांची मुलगी. शस्त्रक्रियेची जखम भरत नव्हती, संसर्ग यकृतापर्यंत पोचला होता, त्वचेवर गाठी उठत होत्या. तिच्या जिवाणूवर संग्रहातले तीन फेज थोडेफार चालले. त्यातले दोन जिवाणूच्या पेशीत शिरून निपचित पडून राहणारे होते. त्यांच्यातला तसे घडवणारा जनुक काढून टाकावा लागला, तेव्हा ते पुरते मारक झाले. तिसऱ्याला काहीच करावे लागले नाही. तो वांग्याखालचा ‘मडी’.

जून २०१८ मध्ये तिघांचे मिश्रण तिच्या शिरेतून द्यायला सुरुवात झाली, दर १२ तासांनी, कित्येक महिने. जखम भरत आली, यकृताचा संसर्ग ओसरला, फुप्फुसांचे काम सुधारले, ती घरी गेली. २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. संसर्ग समूळ गेला नव्हता, आणि एका रुग्णाच्या सुधारण्यावरून उपचार सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीही लपवले नाही. पुढे २०२२ मध्ये अशाच २० रुग्णांचा अहवाल आला. त्यातल्या ११ जणांना फायदा दिसला, बाकीच्यांना नाही किंवा नक्की सांगता येत नाही. काहींच्या शरीराने फेजविरुद्धच प्रतिपिंडे तयार केली. थोडक्यात, हा चमत्कार नाही, अजून चाचपडत चाललेला एक उपचार आहे.

फेज-उपचारावर पुष्कळ लिहिले गेले आहे. शिक्षणाच्या बाजूने मात्र या गोष्टीकडे फार कमी पाहिले जाते. हे विषाणू शोधणारी मुले कोणी विशेष निवडलेली, पदके मिळवलेली नव्हती. हॅटफुल यांनी २००२ च्या सुमारास पिट्सबर्गमध्ये शाळेतल्या आणि पदवीच्या मुलांना घेऊन असे काम सुरू केले. २००८ पासून हॉवर्ड ह्यूजेस वैद्यकीय संस्थेच्या मदतीने त्याचा थेट अभ्यासक्रमच झाला. तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. २०१४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार तोपर्यंत ७३ संस्थांमधल्या ४,८०० हून अधिक विद्यार्थ्यांनी तो पूर्ण केला होता. आता शंभराहून अधिक संस्था त्यात आहेत. यात मोठी विद्यापीठे आहेत तशी लहान गावांतली, संशोधनाची काहीच परंपरा नसलेली महाविद्यालयेही आहेत.

अभ्यासक्रमात होते काय? प्रत्येक विद्यार्थी कुठूनतरी माती आणतो. घरामागची, मैदानातली, कुत्र्याने उकरलेली. जागा, तारीख, तापमान लिहून ठेवतो. माती द्रवात ढवळतो आणि इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळतो की जिवाणू वर अडकतात आणि विषाणू खाली उतरतात. मग ते पाणी ‘मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस’ या जिवाणूंबरोबर पातळ आगरमध्ये मिसळून पेट्री डिशमध्ये ओततो. हा जिवाणू क्षयजंतूचा निरुपद्रवी भाऊबंद. क्षयजंतू वाढायला आठवडे घेतो आणि त्याच्यासाठी अतिसुरक्षित प्रयोगशाळा लागते. हा एक-दोन दिवसांत डिशभर पसरतो आणि साध्या प्रयोगशाळेत हाताळता येतो. दोन दिवसांनी त्या दुधी थरात टाचणीच्या डोक्याएवढा स्वच्छ गोल ठिपका दिसला, तर तिथे फेज आहे. नाही दिसला, तर परत माती. पुष्कळांना पहिल्या खेपेला काहीच मिळत नाही. ठिपका मिळाला की तो पुन्हा पुन्हा पेरून शुद्ध करायचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा फोटो काढायचा, नाव ठेवायचे. दुसऱ्या सत्रात निवडक विषाणूंचा जनुकसंच वाचून कोणता जनुक कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे संगणकावर ठरवायचे. ते काम तपासून जगभरच्या संशोधकांसाठी खुल्या असलेल्या माहितीकोशात जाते, विद्यार्थ्यांच्या नावासह.

आता आपल्याकडची एक दुपार. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल. प्रयोग: ईडीटीए वापरून पाण्याचा जडपणा काढणे. प्रयोगशाळा साहाय्यकाने सकाळीच मोठ्या बाटलीत द्रावण तयार करून ठेवले आहे. ब्युरेट भरली जाते, वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचे. पण त्याआधीच सकाळच्या बॅचचे रीडिंग दुपारच्या बॅचकडे पोचलेले असते. पायलट रीडिंग, मग पहिले, दुसरे, तिसरे आणि शेवटी चौकटीत सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तिन्ही सारखी आली पाहिजेत, म्हणून ती येतात. एखाद्या मुलीला दोनदा १२.४ आणि एकदा १३.१ आले तर ती १३.१ खोडते. ते का आले असेल, हे तिला कोणी विचारत नाही. विचारायला वेळच नसतो. पलीकडे तिघे एकाच ब्युरेटसाठी थांबलेले असतात. जर्नल मागच्या वर्षीच्या ताईच्या जर्नलवरून उतरवले जाते, त्यावर सही होते, सर्टिफाइड शिक्का बसतो आणि परीक्षेला बाहेरून आलेले एक्स्टर्नल त्याची पाने उलटतात. मार्चनंतर ते रद्दीत जाते.

या मुलीने प्रॅक्टिकल केले, हे खरे. तिच्या हाताला ब्युरेटची सवय झाली, हेही खरे. पण तिथे तिने खरोखर शिकून घेतलेली गोष्ट वेगळीच आहे: जुळत नाही ते खोडायचे. विज्ञानाच्या पदवीने विद्यार्थ्याला नेमकी हीच सवय लावावी, यासारखी उलटी गोष्ट नाही. हीच मुलगी उद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात किंवा पाणीपुरवठ्याच्या तपासणी केंद्रात बसते. तिथे न जुळणारे रीडिंग खोडले गेले, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

असा प्रयोग निदान वर्गात शिकवलेला सिद्धांत तरी पक्का करतो, असे समर्थन केले जाते. ते तपासून पाहिले गेले आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या नताशा होम्स आणि भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले कार्ल वीमन यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या तीन संस्थांतल्या भौतिकशास्त्राच्या नऊ प्रयोग-अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१७ मध्ये मांडली. व्याख्यानातला भाग पक्का व्हावा म्हणून घेतलेल्या प्रात्यक्षिकांचा परीक्षेतल्या संबंधित प्रश्नांवर मोजता येईल असा काहीच परिणाम दिसला नाही. प्रात्यक्षिक केलेले आणि न केलेले विद्यार्थी त्या प्रश्नांत सारखेच. साधा लंबक झुलवून ‘जी’ची किंमत ९.८ आणायची आणि नाही आली तर आणवायची, या कसरतीतून गुरुत्वाकर्षण अधिक कळते, ही समजूत या निष्कर्षापुढे फारशी टिकत नाही. हे अमेरिकेतल्या सुसज्ज प्रयोगशाळांचे चित्र आहे, हेही लक्षात ठेवायला हवे.

मग ‘अनुभवातून शिक्षण’ म्हणजे काय? १९८४ मध्ये डेव्हिड कोल्ब यांनी त्याचे चार टप्प्यांचे चक्र मांडले आणि ते आता प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात पडद्यावर दिसते: अनुभव घ्या, त्याकडे मागे वळून पाहा, त्यातून कल्पना बांधा, ती करून पाहा. पण त्यांच्या आधी, १९३८ मध्ये, जॉन ड्युई यांनी एक इशारा देऊन ठेवला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातले शिक्षक म्हणून ड्युई महाराष्ट्राला परिचित आहेत. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही, काही अनुभव पुढचे शिकणे अडवतात, असे त्यांचे म्हणणे होते. चक्राचे चित्र लोकप्रिय झाले, इशारा मागे पडला. जर्नल हा असाच अडवणारा अनुभव आहे.

फेजच्या अभ्यासक्रमात आणि जर्नलात फरक आहे तो नेमका कुठे, हे नीट पाहिले पाहिजे, कारण घाईत त्याचे उत्तर चुकते. फरक स्वातंत्र्याचा आहे, मुलांना मोकळे सोडले की ती शिकतात, असे अनेकांना वाटते. तसे नाही. मातीतून फेज काढण्याची कृती पायरीपायरीने लिहिलेली असते; किती मिलिलिटर, किती वेळ, किती तापमान, सगळे ठरलेले. नवख्याला काहीच न सांगता पाण्यात ढकलल्याने तो पोहायला शिकत नाही, हे पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये बऱ्याच पुराव्यानिशी मांडले होते आणि ते अजून कोणी पुरते खोडलेले नाही. या अभ्यासक्रमात पद्धत ठरलेली आहे. ठरलेले नाही ते उत्तर. विद्यार्थ्याला माहीत नाही, शिक्षकाला माहीत नाही, हॅटफुल यांनाही माहीत नाही. सकाळच्या बॅचकडून आणता येईल असे रीडिंगच अस्तित्वात नाही, कारण सकाळच्या मुलाची माती दुसरी होती.

आपल्याकडच्या ‘प्रोजेक्ट’मध्ये बरोबर याच्या उलट घडते. पद्धत मोकळी, विषय मोकळा, आणि उत्तर मात्र इंटरनेटवर तयार. स्पायरल बाइंडिंगसह.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट असे घटक श्रेयांकांसह आले आहेत. पुस्तकाबाहेर पडायचे हा हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण श्रेयांक मोजला जातो तासांत. प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक श्रेयांक, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास. विद्यार्थी १२० तास कुठेतरी होता, एवढे प्रमाणपत्रावरून कळते. तिथे त्याला कोणता प्रश्न पडला आणि तो कुठे चुकला, हे कळत नाही. शहरातल्या, ओळखीपाळखी असलेल्या घरातल्या मुलाला चांगली कंपनी मिळते. तालुक्याच्या गावी शिकणारा, संध्याकाळी दुकानात काम करणारा मुलगा त्याच दुकानाचा शिक्का आणतो. दोघांचे श्रेयांक सारखे. अनुभव नावाची गोष्ट वर्गाबाहेर, ज्याची त्याने शोधायची म्हणून सोडून दिली, की ती आधीच सुस्थितीत असलेल्यांकडे जाते. फेजचा अभ्यासक्रम या बाबतीतही शिकण्यासारखा आहे. तो वेळापत्रकात आहे, वर्गातल्या प्रत्येकासाठी आहे, त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही.

भारतात पदवीच्या मुलांना संशोधनात आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम चालतो आणि त्यातून चांगले काम झाले आहे. विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा दर वर्षी भरते. पण हे निवडलेल्यांचे मार्ग आहेत. ज्याला विज्ञान आवडते हे आधीच ठरले आहे, त्याला तिथे बळ मिळते. ज्याला अजून काहीच ठरवता आलेले नाही, बारावीला ‘नीट’चे गुण कमी पडले म्हणून जो बीएस्सीला आला आहे आणि दुसऱ्या वर्षी कदाचित शिक्षण सोडणार आहे, त्याच्यापर्यंत ते पोचत नाहीत. खरी गरज त्याची आहे.

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना मोठ्या संख्येने संशोधनात घेतले. त्याचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. तीन सत्रे हे काम पूर्ण केलेल्यांपैकी ८३ टक्के विद्यार्थी सहा वर्षांत पदवीधर झाले; सर्व बाबतींत त्यांच्याशी मिळत्याजुळत्या, पण संशोधन न केलेल्या गटात हे प्रमाण ६६ टक्के होते. गंमत म्हणजे दोन्ही गटांच्या गुणांच्या सरासरीत फरक नव्हता. म्हणजे मुले जास्त गुणांची झाली नाहीत, ती टिकून राहिली. आपल्याकडे प्रयोगाचे यश गुणांत मोजायची सवय असल्याने असला परिणाम कोणाच्या नजरेतही येणार नाही.

महाराष्ट्रात हे करायचे तर फेजच शोधायला हवेत असे नाही. जिथे सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे तिथे ते शक्य आहे. क्षयरोगाचा सर्वांत मोठा बोजा वाहणाऱ्या देशात क्षयजंतूच्या भाऊबंदांवरचे फेज जमवणे हे काही शोभेचे काम नाही. पण त्याहून सोपी वाट त्या ईडीटीएच्या ब्युरेटमध्येच आहे.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. इथले भूजल खारट आहे. पाणी जड असले की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. हे तिथल्या कोणत्याही स्वयंपाकघरात माहीत असते. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रारही या भागात वर्षानुवर्षे होत आली आहे. या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत शेकडो मुले दर वर्षी पाण्याचा जडपणा मोजतात, आणि मोजतात ते साहाय्यकाने बाटलीत केलेल्या द्रावणाचा. त्याच मुलांनी घरच्या विहिरीचे, बोअरचे, शाळेतल्या हापशाचे पाणी बाटलीत भरून आणले तर? रसायने तीच, ब्युरेट तीच, कृती तीच, गणितही तेच: ५० मिलिलिटर पाण्याला ०.०१ मोलर ईडीटीएचे १५ मिलिलिटर लागले तर जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. आता हा आकडा नुसता चौकटीतला सीबीआर राहत नाही. तो आजीच्या विहिरीचा आकडा असतो.

एकाच विहिरीचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासले तर काय फरक पडतो, नदीपासून दूर जावे तसे काय होते, उथळ विहीर आणि खोल बोअर यांत कोणते पाणी अधिक जड, हे प्रश्न लगेच येतात. शिक्षकाने आणायची गरज नाही. एका मुलाचे रीडिंग शेजारच्या गावच्या मुलापेक्षा दुप्पट आले, तर आता खोडून चालत नाही. बाटली नीट धुतली होती का, उपसा चालू करून पाणी किती वेळ जाऊ दिले होते, बफर जुना झाला होता का, हे शोधावे लागते. आणि सगळे तपासूनही ते दुप्पटच राहिले, तर काहीतरी सापडले आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. त्यांच्या नोंदींशी ताडून पाहता येते. पाच वर्षे हेच चालू ठेवले तर त्या महाविद्यालयाकडे आपल्या तालुक्याच्या पाण्याची अशी नोंद तयार होईल जी इतरत्र कुठे नसेल. चंद्रपूर-यवतमाळकडे फ्लोराइड, उसाच्या पट्ट्यात नायट्रेट, कोकणात खाडीकाठच्या विहिरींत शिरणारे खारे पाणी: प्रत्येक भागाला आपला प्रश्न आहे.

यात धोके आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलाने चुकीचे रीडिंग काढले आणि गावात जाऊन ‘तुमचे पाणी विषारी आहे’ असे सांगितले तर काय? म्हणून एकाच पाण्याचे दोन नमुने, ते दोन वेगळ्या विद्यार्थ्यांकडे, मध्ये एखादा माहीत असलेल्या जडपणाचा नमुना न सांगता घातलेला, आणि शंकास्पद नमुना अधिकृत प्रयोगशाळेत गेल्याशिवाय कोणाला काही सांगायचे नाही, एवढी शिस्त पाहिजे. ही शिस्त हाच शिक्षणाचा गाभा आहे. आपल्या आकड्यावर कोणीतरी विसंबून राहणार आहे, हे पहिल्यांदा जाणवते ते इथे. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याला हे कधीतरी वॉर्डात जाणवतेच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अलीकडे पहिल्या वर्षापासून त्याला गावातल्या कुटुंबांशी जोडून देण्याचीही सोय केली आहे, आणि ती रजिस्टर भरण्यापुरती उरू नये एवढीच तिथली काळजी. बीएस्सीच्या मुलाच्या वाट्याला तेही येत नाही.

खरी अडचण शिक्षकांची आहे आणि ती बाजूला सारून या विषयावर बोलणे अप्रामाणिक ठरेल. उत्तर ठरलेले नसेल तर शिक्षकाला प्रत्येक टेबलापाशी थांबावे लागते, ‘सर, हे असे का आले?’ या प्रश्नावर ‘माहीत नाही, बघू’ म्हणण्याची तयारी लागते. वर्षानुवर्षे जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकाकडून ही अपेक्षा कशी करायची? त्याला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. पुन्हा फसलेली डिश पाहायला संध्याकाळी थांबल्याचे मिळत नाहीत. पुढच्या जूनमध्ये तो त्याच महाविद्यालयात असेल की नाही, हे त्यालाच ठाऊक नसते, मग पाच वर्षांच्या नोंदी कोण ठेवणार? फेजच्या अभ्यासक्रमात सहभागी होणाऱ्या शिक्षकांना आधी स्वतः प्रशिक्षण दिले जाते, अडले तर विचारायला माणसे असतात. धोरणात ‘अनुभवाधारित’ हा शब्द जितक्या वेळा आला आहे, तितक्या वेळा त्यासाठी लागणाऱ्या शिक्षकांच्या भरतीचा विषय निघाला असता तर बरे झाले असते. काचेची उपकरणे आणि रसायने ही त्यामानाने किरकोळ बाब आहे.

विद्यार्थ्यांचा विरोधही गृहीत धरायला हवा. हार्वर्डमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भौतिकशास्त्राच्या मुलांना तोच विषय दोन पद्धतींनी शिकवला: एका गटाला उत्तम, ओघवते व्याख्यान, दुसऱ्याला स्वतः झगडून प्रश्न सोडवायला लावणारा तास. चाचणीत दुसऱ्या गटाला अधिक आले. पण ‘किती शिकलात’ असे विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांना आपणच जास्त शिकलो असे वाटत होते. झगडताना माणसाला आपण अडाणी आहोत असे वाटते, आणि ते सुखाचे नसते. तेव्हा पहिल्या वर्षी ‘सर काही शिकवत नाहीत, नुसते विचारतात’ अशी तक्रार प्राचार्यांकडे जाणार. त्या वेळी प्राचार्य कोणाची बाजू घेतात, यावर बरेच अवलंबून आहे.

उरला प्रश्न गुणांचा. ज्याचे उत्तर माहीत नाही त्याला गुण कसे द्यायचे? खरे तर हे अवघड नाही, फक्त आता ज्याला गुण देतो त्याहून वेगळ्या गोष्टीला द्यावे लागतील. नोंदवहीत तारखा आहेत का, नमुना कुठून कसा घेतला हे वाचून दुसऱ्याला तिथे पुन्हा जाता येईल का, फसलेले प्रयोग लिहिले आहेत का, खोडलेले रीडिंग वाचता येईल अशी एकच रेघ मारून खोडले आहे का आणि शेजारी कारण लिहिले आहे का. एक्स्टर्नलला हे पंधरा मिनिटांत तपासता येते. सुवाच्य अक्षर, रंगीत आकृती आणि वेळेवर सबमिशन यांना आज मिळणारे गुण त्यासाठी कमी करावे लागतील, आणि तिथे अभ्यास मंडळात कोणीतरी हरकत घेईलच.

‘मडी’ची नोंद आजही फेजच्या खुल्या माहितीकोशात आहे, इतर हजारो फेजच्या नोंदींबरोबर: कोणाला, कुठे, कोणत्या वर्षी, कशातून मिळाला. लंडनहून विचारणा आली तेव्हा नळी जागेवर होती आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचता येत होती. येत्या जूनमध्ये एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने सुरुवात म्हणून एवढेच करावे: विभागाच्या नावाची एक जाड बांधणीची वही घ्यावी, पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने आणलेल्या पाण्याची त्यात एक ओळ लिहावी, आणि मार्चनंतर ती रद्दीत न देता कपाटात ठेवावी.